आम्ही सभासद की गिऱ्हाईक?

६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन त्या दिवशी शंभर वर्षं झाली होती. ज्याची गाडी जिथं होती तिथंच त्यानं ती थांबवली, दुकानदार पायरीवर येऊन उभे राहिले. त्या दिवसांत शाहू मिलच्या आवारात कृतज्ञता पर्वाची प्रदर्शनं लागली होती. बंद पडलेल्या मिलमध्ये पुन्हा माणसांची वर्दळ दिसली, याचंच अनेकांना भरून आलं होतं.

त्याच आठवड्यात, ४ ते ९ मे या काळात, आयुर्विमा महामंडळाच्या, म्हणजे एलआयसीच्या, शेअर्सची पहिली विक्री चालू होती. शनिवार-रविवारीसुद्धा अर्ज घेतले जात होते. शेअर बाजाराचं नाव काढलं की जिथं वडीलधारी माणसं हात झटकत, अशा घरांतही शेअर ठेवायची डिमॅट खाती उघडली गेली. पॉलिसीला पॅन जोडायची मुदत फेब्रुवारीअखेर संपली होती. ज्यांनी ती गाठली त्यांच्यासाठी राखीव कोटा होता आणि शेअरमागे ६० रुपयांची सूट. पेठांतून, वसाहतींतून, कागल-करवीरच्या गावांतून एकच प्रश्न ऐकू यायचा : ‘घ्यायचा का?’ विकणारं सरकार नेमकं काय विकतंय, आणि त्यात आधीपासून आपलं काय होतं, हे विचारणारं कुणी मला तरी भेटलं नाही. तो प्रश्न लोकांना सुचला नाही यात लोकांचा दोष नाही. तो सुचावा अशा पद्धतीनं त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सरकारनं कंपन्या विकू नयेत असं माझं म्हणणं नाही. सरकारनं हॉटेलं चालवावीत, याला मला कधीच कारण सापडलेलं नाही. माझा आक्षेप विक्रीच्या रीतीला आहे. १९९१ पासून आपण निर्गुंतवणूक, म्हणजे सरकारी कंपन्यांतल्या हिश्श्याची विक्री, करतोय, आणि या सगळ्या वर्षांत सरकारनं विचार केला तो घेणाऱ्याचा आणि अर्थसंकल्पातल्या आकड्याचा. बाकीचे सगळे, म्हणजे कामगार, पॉलिसीधारक, छोटे शेअरधारक, कारखान्याभोवतीचं गाव, यांच्यासाठी हल्ली ‘हितधारक’ असा शब्द निघालाय आणि त्यांचं ‘व्यवस्थापन’ करायचं असतं असं अहवालांत लिहिलेलं असतं. निर्णय आधी घ्यायचा आणि मग या मंडळींची समजूत काढायची, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झालाय. मला हे मुळातूनच चुकीचं वाटतं. या माणसांचा त्या कंपनीत वाटा असतो. तो विक्रीच्या आधी कागदावर यायला हवा.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटवायला फार कष्ट पडू नयेत. माझे आजोबा साखर कारखान्याचे सभासद होते. शेअरचा दाखला त्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर लोखंडी ट्रंकेत ठेवला होता, आणि तो तिथं असण्याचा त्यांना जमिनीइतकाच अभिमान होता. दिवाळीला सवलतीच्या दराची साखर यायची ती सभासद म्हणून. पण साखरेपेक्षा मला आठवते ती वार्षिक सभा. मी लहान असताना ते मला एकदा घेऊन गेले होते. मांडवात गर्दी, हातात अहवालाची पुस्तिका, व्यासपीठावरून विषय वाचला की एका बाजूनं ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूनं ‘नामंजूर’. आजोबांनी पुस्तिकेतल्या ताळेबंदावर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. त्यांना ताळेबंद कितपत कळत होता, कुणास ठाऊक. पण तो आपल्यासमोर मांडला गेलाच पाहिजे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बोलू दिलं नाही तर आपल्या जिल्ह्यात विरोधक बाहेर समांतर सभा घेतात. शेअर एक असो की पन्नास, मत एकच.

सहकाराचं मी गोड चित्र रंगवत नाही. बोगस सभासद, थकलेली ऊसबिलं, अडकलेले कामगारांचे पगार, बंद पडून भाडेतत्त्वावर दिलेले कारखाने हे सगळं आपण पाहिलंय. राज्यात कित्येक सहकारी कारखाने कर्जापोटी लिलावात गेले आणि हजारो सभासदांना आपला शेअर नेमका कुठं गेला हे कळलंही नाही. पण म्हणूनच सांगतो, सभासद असणं म्हणजे काय आणि ते हातातून जाणं म्हणजे काय, या दोन्ही गोष्टी या जिल्ह्याला अनुभवानं माहीत आहेत. तोच मापदंड सरकारी कंपन्यांना लावायला हवा.

आयुर्विमा महामंडळापासूनच सुरुवात करू, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध तिथंच येतो. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा व्यवसायांचं राष्ट्रीयीकरण होऊन हे महामंडळ उभं राहिलं. सरकारनं घातलेलं भांडवल ५ कोटी रुपयांचं. पुढची सहासष्ट वर्षं जो डोंगर वाढला तो हप्त्यांतून. म्हणून वरकड नफ्याची, म्हणजे देणी भागवून उरलेल्या रकमेची, वाटणीही तशीच होती : ९५ टक्के पॉलिसीधारकांना बोनसच्या रूपानं, ५ टक्के सरकारला. कायद्यानं महामंडळाच्या पॉलिसींना सरकारची हमी. म्हणजे नाव काहीही असो, त्या संस्थेचा तोंडवळा पुष्कळसा सहकारी संस्थेचा होता.

शेअर विकायचे तर शेअरधारकाच्या हाती काहीतरी लागायला हवं. त्यासाठी २०२१ च्या वित्त कायद्यातून महामंडळाचा मूळ कायदा बदलला. आधी एकत्र असलेला आयुर्विमा निधी दोन भागांत विभागला. बोनस मिळणाऱ्या पॉलिसींचा एक निधी आणि बोनस न मिळणाऱ्या पॉलिसींचा दुसरा. पहिल्या निधीच्या वरकड नफ्यातला शेअरधारकांचा वाटा ५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर न्यायचं ठरलं आणि दुसऱ्या निधीचा नफा पूर्णपणे शेअरधारकांचा. या बदलाचं वजन किती होतं, ते दोन आकड्यांत दिसतं. विमा कंपनीतल्या शेअरधारकांच्या वाट्याचं जे मूल्य काढतात, त्याला अंतर्भूत मूल्य म्हणतात. मार्च २०२१ अखेर ते सुमारे ९५,६०० कोटी रुपये होतं. सप्टेंबर २०२१ अखेर ते सुमारे ५,३९,७०० कोटी झालं. सहा महिन्यांत महामंडळानं एवढी कमाई केली नव्हती. आधी ज्या वरकडीवर मुख्यतः पॉलिसीधारकांचा हक्क होता, तिचा मोठा भाग नव्या वाटणीत शेअरधारकांच्या खात्याकडं वळला, हे त्यामागचं प्रमुख कारण.

याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की खासगी विमा कंपन्यांत ९०-१० अशीच वाटणी असते, मग इथं वेगळी का असावी? प्रश्न रास्त आहे. पण खासगी कंपनीत भांडवल घालणाऱ्यानं धोका पत्करलेला असतो. इथं धोकाही बहुतांशी हप्ते भरणाऱ्यांच्याच निधीनं पेलला. समजा, तरीही बदल योग्यच होता. मग तो कोट्यवधी पॉलिसीधारकांना साध्या मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये एका पानावर लिहून का पाठवला नाही? त्यांच्या हरकती का मागवल्या नाहीत? काही पॉलिसीधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मे २०२२ रोजी न्यायालयानं विक्रीला अंतरिम स्थगिती नाकारली. तोवर अर्ज भरून झाले होते. पॉलिसीधारकाला ६० रुपयांची सूट दिसली, त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटणीत झालेला बदल दिसला नाही. सभासदाला गिऱ्हाईक करून टाकणं म्हणतो ते हेच.

शेअर ९४९ रुपयांना विकला, १७ मे रोजी तो ८७२ ला बाजारात उतरला, पुढच्या वर्षभरात साडेपाचशेच्या आसपास गेला, आणि मूळ किमतीवर परत यायला २०२४ उजाडलं. या घसरणीबद्दल मी सरकारला बोल लावणार नाही. बाजार वर जातो, खाली येतो. पण पहिल्यांदाच बाजारात आलेल्या लाखो माणसांना ‘आपलीच एलआयसी’ या भावनेवर तिथं आणलं होतं, आणि त्या भावनेच्या मोबदल्यात त्यांना धोक्याची समज मात्र कुणी दिली नाही.

आणखी एक जुनी गोष्ट इथंच सांगायला हवी. मार्च २०१२ मध्ये सरकारनं ओएनजीसी या तेल काढणाऱ्या सरकारी कंपनीचे ५ टक्के शेअर लिलावात काढले. खासगी गुंतवणूकदार फारसे फिरकले नाहीत आणि बहुतेक शेअर आयुर्विमा महामंडळानं घेतले. सरकारी शेअर, विकत घेणारी सरकारी संस्था, आणि पैसा पॉलिसीधारकांचा. २०१८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीनंच ३६,९१५ कोटींना घेतला आणि त्या वर्षीचं निर्गुंतवणुकीचं उद्दिष्ट पार पडलं. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला. त्या दोन खिशांमध्ये उभ्या असलेल्या छोट्या शेअरधारकाला आणि पॉलिसीधारकाला कुणी विचारलं नाही.

कामगारांचं म्हणाल तर छत्तीसगडमधल्या कोरब्याचं बाल्को विसरता येत नाही. २००१ मध्ये ॲल्युमिनियम बनवणाऱ्या या सरकारी कंपनीचा ५१ टक्के हिस्सा ५५१.५ कोटी रुपयांना स्टरलाइट या खासगी कंपनीला दिला. कामगारांनी ६७ दिवस संप केला. राज्य सरकारही विरोधात उभं राहिलं. अखेर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा धोरणाचा भाग आहे आणि असा निर्णय घेण्याआधी कामगारांना सुनावणी देण्याचं बंधन सरकारवर नाही. कायद्यानं प्रश्न मिटला. पण कायद्यानं बंधन नाही म्हणून शहाणपणानंही ते नसतं का? उरलेल्या ४९ टक्क्यांवरून नंतर सरकार आणि खरेदीदार यांच्यात लवादापर्यंत वाद गेला आणि तो हिस्सा सरकारकडंच राहिला. घाईनं केलेल्या करारातली एक ओळ वर्षानुवर्षं बोचत राहते.

एअर इंडियाच्या बाबतीत मात्र सरकार शिकलं, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, तेव्हा एकही बोली आली नाही. सरकार २४ टक्के राखून बसणार आणि वर कर्जाचं ओझं, अशा अटीत कोण येईल? पुढच्या खेपेला पूर्ण कंपनी काढली, किती कर्ज उचलायचं हे बोली लावणाऱ्यांवर सोडलं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहानं ती १८,००० कोटींना घेतली. त्यातले १५,३०० कोटी कर्जाचे, २,७०० कोटी रोख. एक वर्ष कुणाला काढायचं नाही, त्यानंतर काढायचं तर आधी स्वेच्छानिवृत्ती द्यायची, ही अट लेखी होती. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून डिसेंबर २०१८ मध्ये हैदराबादला उडू लागलेली अलायन्स एअर ही एअर इंडियाची उपकंपनी या विक्रीतून वगळून सरकारकडंच ठेवली. छोट्या शहरांचा विचार कुणीतरी केला होता, याचा मला त्या वेळी आनंद झाला. पण मुंबईत कलिन्याच्या वसाहतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांत घरं सोडायला सांगितलं, तो प्रश्न न्यायालयात गेला. घेणाऱ्याचं ऐकलं म्हणून विक्री झाली. राहणाऱ्यांचंही तेवढंच ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

सगळ्यात कमी बोललं जातं ते विक्रीनंतरच्या नात्याबद्दल. निम्म्याहून कमी शेअर विकले की सरकार मालक राहतं, पण आता त्याच्याबरोबर भागीदार असतात. हे भागीदारीचं भान सरकारला अजून आलेलं नाही. रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या आयआरसीटीसीचे शेअर २०१९ मध्ये ३२० रुपयांना विकले, छोट्या गुंतवणूकदारांनी उड्या टाकल्या. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी संध्याकाळी कळलं की तिकिटांवरच्या सुविधा शुल्काचा निम्मा हिस्सा आता रेल्वेला द्यावा लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर पंचवीस टक्क्यांहून अधिक कोसळला, आणि त्याच दिवशी सरकारनं निर्णय मागं घेतला. मधल्या काही तासांत घाबरून ज्यांनी विकले, त्यांचं नुकसान कुणी भरून दिलं नाही. कोल इंडियाचंही तेच. २०१० मध्ये २४५ रुपयांना शेअर विकून सुमारे १५,००० कोटी उभे केले आणि २०१२ च्या सुरुवातीला कोळशाची दरवाढ मागं घ्यायला लावली. एका परदेशी फंडानं त्यावरून सरकारशी उघड भांडण मांडलं. आपल्या गल्लीतल्या शेअरधारकाला तसं भांडायची ताकद नसते.

आता गाव. आपण या शहरात एक लढा जगलो आहोत, म्हणून हे जास्त जिव्हाळ्यानं लिहितो. शहरातल्या सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांसाठी टोलचा करार झाला, तोही तीस वर्षांचा. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंत्राटदार एवढेच त्या कागदावर होते. रोज त्या रस्त्यावरून जाणारा माणूस त्यात नव्हता. मग एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, त्यांच्यामागं अख्खं शहर उतरलं, वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. टोल गेला. पण कंत्राटदाराची भरपाई शेवटी राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्याच पैशातून झाली. आधी शहराला विश्वासात घेऊन मोजणी केली असती तर रस्ते स्वस्तात झाले असते आणि भांडणही टळलं असतं. हा सरकारी कंपनी विकण्याचा प्रकार नव्हता, हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या जगण्याशी करार जोडलेला आहे त्यांना बाहेर ठेवलं की काय होतं, ते कोल्हापूरइतकं स्वच्छ दुसरीकडं क्वचितच दिसेल.

आणि शाहू मिल. १९०६ मध्ये महाराजांनी ती उभी केली. पुढं ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं आली आणि बंद पडली. सरकारी कंपनी बंद पडते किंवा विकली जाते, तेव्हा यंत्रांपेक्षा जास्त भाव असतो तो जमिनीला. ती जमीन कुणाची, या प्रश्नाला कागदावर एक उत्तर असतं आणि गावाच्या मनात दुसरं. विदेश संचार निगम या सरकारी दूरसंचार कंपनीचं उदाहरण पाहा. २००२ मध्ये कंपनी टाटांकडं गेली तेव्हा पुण्याच्या दिघीसह चार शहरांतली सातशे एकरांहून अधिक जास्तीची जमीन विक्रीतून वेगळी काढायची असं ठरलं होतं. ती प्रत्यक्षात वेगळ्या कंपनीकडं जायला जवळजवळ दोन दशकं लागली.

एवढ्या सगळ्यांना विचारत बसलं तर काहीच विकलं जाणार नाही, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो हलक्यात घेत नाही. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या खासगीकरणाला जानेवारी २०२१ मध्ये मंजुरी मिळाली; आंदोलन इतकं चिवट झालं की जानेवारी २०२५ मध्ये केंद्रानं त्याच कारखान्याला ११,४४० कोटींचं साहाय्य जाहीर केलं. ज्या कारखान्यासाठी माणसांनी प्राण दिले, तो त्यांना न विचारता विकायला काढल्यावर दुसरं काय होणार होतं? उलट भारत पेट्रोलियमची विक्री मे २०२२ मध्ये रद्द झाली ती बोली लावणारेच मागं हटल्यामुळं. त्याच काळात, नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२, पाच राज्यांच्या निवडणुका होत असताना पंपावरचे दर १३७ दिवस जागचे हलले नव्हते. ज्या धंद्यात विकणारा उद्याही दरावर हात ठेवू शकतो, तो धंदा कोण घेईल? विश्वास नसेल तर कामगार अडवतो, तसाच खरेदीदारही पळतो. मुंबई विमानतळाजवळचं सरकारी सेंटॉर हॉटेल ८३ कोटींना विकलं आणि काही महिन्यांत ते ११५ कोटींना दुसऱ्याला गेलं, तेव्हापासून सामान्य माणसाचाही विश्वास उडालेला आहे. तो परत मिळवायचा तर मूल्यांकन कसं केलं ते व्यवहारानंतर का होईना, पूर्णपणे उघड करावं लागेल.

मला हवं ते फार मोठं नाही. विक्रीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढं जाण्याआधी त्या कंपनीशी ज्यांचं जगणं बांधलेलं आहे त्यांची यादी व्हावी, आणि प्रत्येकाचं आज काय आहे व उद्या काय राहील हे एका पानावर लिहिलं जावं. कामगारांच्या बाबतीत घर, औषधपाणी, निवृत्तिवेतन यांचा त्यात उल्लेख असावा. जमीन कुणाकडं राहणार आणि गावाला तिचा काय उपयोग, हे सही होण्याआधी ठरावं. शेअर बाजारात आणायचे असतील तर दर आणि लाभांश यांत सरकार कुठं आणि कोणत्या नियमानं हात घालेल, हे माहितीपत्रकात छापावं आणि मग तो शब्द पाळावा. आयुर्विमा महामंडळाच्या पैशातून दुसऱ्या सरकारी कंपन्यांचे शेअर उचलायचे असतील, तर त्याचा निर्णय पॉलिसीधारकांच्या प्रतिनिधींसमोर व्हावा.

संधीही फार लांब नाही. सरकारनं आयुर्विमा महामंडळाचे ३.५ टक्केच शेअर विकले होते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं दिलेल्या मुदतीनुसार १६ मे २०२७ पर्यंत जनतेकडचा हिस्सा १० टक्क्यांवर न्यायचा आहे. म्हणजे आणखी ६.५ टक्के. त्या विक्रीच्या आधी माझ्या आईच्या पॉलिसीच्या पत्त्यावर एक मराठी पत्र यावं. वरकड नफ्यात तिचा वाटा आधी किती होता, आता किती आहे, पुढं त्यात बदल होणार का, आणि होणार असेल तर तिनं हरकत कुठं आणि कधीपर्यंत पाठवायची, एवढंच त्या पत्रात असावं. ती ते पत्र वाचेल, आणि आजोबांसारखीच पेन्सिल घेऊन बसेल.